बुरशीचा बुधवार

मंगळवारी दुपारी अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. असं काहीही घडलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आमचा काका बुरशीचा शास्त्रज्ञ. देश स्वतंत्र झाला तेव्हा परके साहेब खुर्च्या ठेवून गेले आणि त्यांवर बसायला शिकलेली माणसं कमी पडली. म्हणून काकाला प्रयोगशाळेतून उचलून विज्ञानमंत्री केलं. शपथ घेतानाही त्याच्या हातात चिमटा होता.

काकाचा जीव मात्र एका काचेच्या बशीत अडकलेला. तिच्यात अकरा वर्षं जपलेली हिरवी बुरशी. दर बुधवारी सकाळी तिला ताज्या बशीत हलवायचं, नाहीतर ती मरणार. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नसे. आणि मंत्रिमंडळाची बैठकही बुधवारी सकाळीच.

"अहो, माझा वाढदिवस तरी कधी इतका लक्षात ठेवलात?" काकू म्हणाली.

"तुला दर आठवड्याला हलवावं लागत नाही," काका म्हणाला आणि राजीनामा लिहायला बसला.

पंतप्रधान पूर्वी शाळामास्तर होते. ते म्हणाले, "शास्त्रज्ञाचा राजीनामा आहे, विज्ञानखात्याकडून तपासून आणा."

कागद फिरून काकाच्याच टेबलावर आला. तीन नमुने पाहिल्याशिवाय काकाने जन्मात कुणावर विश्वास ठेवला नव्हता, मग स्वतःवर कसा ठेवणार? त्याने शेरा मारला: "कारण पटले. परंतु नमुना एकच. आणखी किमान दोन राजीनामे जोडावेत."

रेल्वेमंत्र्याने आनंदाने जोडला. देशात रेल्वे नाही, हे त्याला नुकतंच कळलं होतं. आरोग्यमंत्र्याला ताप होता. ते बघून बाकीच्यांनाही हुरूप आला. शेवटी मास्तर म्हणाले, "सगळा वर्ग सुटला, तर मी एकटा काय फळा पुसत बसू?" आणि त्यांनीही सही ठोकली.

आता राजीनामे ढीगभर, पण मंजूर करायला कुणी शिल्लक नाही. तेव्हा ते दिलेच नाहीत, असं मुख्य सचिवाने ठरवलं. त्यावर शिक्कामोर्तब करायला तातडीची बैठक ठेवली. बुधवारी सकाळी.

काकूने कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा!"

"पण पुरावा काय भक्कम जमला!" काका म्हणाला आणि डोळे पुसत नवा अर्ज लिहू लागला.

"प्रति, माननीय विज्ञानमंत्री (म्हणजे मीच). सबब नम्र विनंती, की यापुढे आठवड्यात दोन बुधवार असावेत. पैकी एक देशास व एक बुरशीस देण्यात यावा. शक्य असल्यास तिसराही मंजूर व्हावा, तुलनेसाठी."