पाहुण्यांची खरपुडी

उत्तरेश्वरनं खरपुडीचा शेवटचा कंद सोलला, मीठ भुरभुरवलं आणि ताटली उपरण्यानं झाकली. खरपुडी मिळते का, असं अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या बाईंनी फोनवर विचारलं होतं. खरपुडी विचारणारा ती खायलाच विचारतो, हे डोंगराखालचं शेंबडं पोरही सांगेल. मग एवढ्या उन्हात बाईंनी डोंगर का चढायचा?

तो गावच्या दूध संस्थेचा वॉचमन. दुष्काळानं दूध आटलं, पाणी टँकरचं. त्यात कॅनच्या खोलीतल्या दिव्याच्या वायरीला शिंजिरानं घरटं टांगलं. पिल्लं उडेपर्यंत या गड्यानं दिवा लावला नाही, वर घरच्या हंड्यातलं पाणी करवंटीत ठेवलं. त्याबद्दलच आज त्याचा सत्कार होता आणि शाल बाईंच्या हातून. जन्मात पहिल्यांदा शाल मिळणार म्हटल्यावर माणूस फुगणारच की!

बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शिंजीर एवढंसं आणि खरपुडीचं कंदिलासारखं फूलही एवढंसंच. पण पाखरू तहानलं की दुसरं शिवार धरतं, खरपुडीला पाय नाहीत. लोकांनी खणून खणून डोंगर रिकामे केले. इथे थोडी उरली असं फोनवर या उत्तरेश्वरमामांकडून कळलं, म्हणून ती बघायला आले.

उत्तरेश्वरनं ताटली हळूच मागं ओढली. चेअरमन राधाकिशननं मात्र हौसेनं उपरणं उचललं. "बगा बाई, मामानं पहाटंच समदी खणून आनली. तुमाला चढायचा ताप नको."

सभा हसली. बाई ताटलीकडे बघत राहिल्या.

"मामा, एखादा वेल ठेवलाय ना?"

"न्हाई बाई," उत्तरेश्वर म्हणाला. " पावन्याला आनायचं, त्यात मागं काय ठिवायचं?"

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. बाईंनी एक कंद उचलून खाल्ला. "गोड आहे," म्हणाल्या आणि शाल त्याच्या खांद्यावर घातली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवस कलल्यावर तो ताटली अन् पाण्याची कळशी घेऊन डोंगराच्या उतारावर गेला. सोललेला कंद रुजत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी मीठ धुऊन त्यानं पहाटे खणलेल्या एकेका खड्ड्यात एकेक कंद ठेवला, माती ओढली, करवंटीनं पाणी घातलं.

शेवटच्या खड्ड्याला कंद उरला नाही. तो त्यानं रिकामाच बुजवला आणि पाणी त्यालाही घातलं.