साबण लावलेली नऊ लिंबं

तुकुमान प्रांतातल्या त्या लिंबांच्या पॅकिंग शेडमध्ये सुलेमा एकतीस वर्षं नासकी लिंबं वेचत होती, आणि संशोधक मेलिना दोन वर्षं त्या नासण्यावर उतारा शोधत होती. रासायनिक औषधाची लिंबं नकोत, असं परदेशच्या गिऱ्हाइकांनी बजावलं होतं. लवंगेच्या तेलाने लिंबांना दाताच्या दवाखान्याचा वास आला. सोड्याच्या कोमट पाण्याने बुरशी आठवडाभर दबली आणि मग दुप्पट जोमाने उठली. आता हंगामाचे चार दिवस उरले होते. पुढच्या हंगामाआधी काही हाती लागलं नाही, तर मालक पुन्हा औषधाची पिंपं उघडणार होता.

"पानाफुलांत काय शोधतेस, पोरी?" 'माते' या कडवट चहाचा घोट घेत सुलेमा म्हणाली. "नासक्याला चिकटून बसूनही जे नासत नाही, त्या लिंबाला विचार की!"

मेलिनाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या सालीवर बुरशीच्या तोंडचा घास पळवणारं एखादं यीस्ट राहत असणार! "सुलेमाबाई, अशी लिंबं मला आणून द्याल?"

चौथ्या दिवशी, शेवटचा ट्रक भरून गेल्यावर, सुलेमाने नऊ लिंबं आणली. पांढऱ्या फडक्यावर मांडलेली, लख्ख.

"धुतलीत?" मेलिनाचा आवाज चिरकला.

"मग! राड्यातून काढलेली तशीच डॉक्टरीणबाईंपुढे ठेवू? चांगली साबणाने घासली."

मेलिनाने एक लिंबू उचलून हुंगलं. जे हवं होतं, तेच मोरीतून वाहून गेलं होतं. तिने ते सांगितलं, तेव्हा सुलेमाचं तोंड एवढंसं झालं.

"करायला गेले एक नि झालं भलतंच," ती पुटपुटली. मग एकदम तिने एक लिंबू उचलून देठाची हिरवी टोपी दाखवली. "पण हिला धक्का नाही हं लावला. ही निघाली की तिथूनच कुजतं. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक टोपी निघालेली नाही. साबण हिच्याखाली कसा जाईल?"

मेलिनाने चिमट्याने नऊही टोप्या उचलल्या आणि त्यांच्याखालचं पुसून नऊ काचेच्या बशांत लावलं, वर बुरशी सोडली. सहाव्या दिवशी आठ बशा हिरव्यागार झाल्या होत्या. नवव्या बशीत मात्र साईच्या रंगाचे पाच ठिपके होते, आणि बुरशी त्यांच्यापासून बोटभर अंतरावर थबकली होती.

यीस्टचे तेच ठिपके वाढवून तिने पाण्यात कालवले आणि शेडमधली उरलीसुरली लिंबं सुईने टोचून त्यात बुचकळली, पेटीत भरली. तीन आठवड्यांनी मालकाने स्वतः ती पेटी उघडली, प्रत्येक लिंबू उलटसुलट करून पाहिलं. डाग नव्हता. "पिंपं राहू देत बंद," तो म्हणाला.

मेलिनाने सुलेमाचे खरबरीत हात हातात घेतले. पुस्तकांनी दोन वर्षांत जे दिलं नाही, ते या बोटांनी जपून आणलं होतं.

सुलेमाने हात सोडवून घेतले, चष्मा पुसला आणि ती नवव्या बशीवर वाकली.

"एवढेसे जीव, आणि मी मेली त्यांच्यावर अख्खी वडी झिजवली," ती म्हणाली. "चुकलं हं माझं, लेकरांनो."