चकचकीत दांडा

मी एक बिनछपराची, बिनमडगार्डची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-छाटून बनवलेली जुनी गाडी, बोलतेय. माझ्या इंजिनाची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. तसं हे इंजिन मूळचं माझं नव्हे, एका आपटलेल्या गाडीतून काढलेलं. तेव्हा ही शपथ कितपत धरायची, ते तुमचं तुम्ही बघा.

जन्म माझा १९३२चा. पहिल्या मालकाने मला चर्चला नेलं, दुसऱ्याने माझ्यातून कोंबड्या वाहिल्या. तिसरा ऑर्विल टॅकेट. दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यावर त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने, क्लेलने, बरबँकच्या गॅरेजात मला उभी कापली. समोरची काच चार बोटं उतरवली, अंग चौकटीवर खाली बसवलं, भंगारातल्या विमानाची सीट लावली. तेव्हा कॅलिफोर्नियात गल्लोगल्ली हेच चाललेलं. सगळ्यांना वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर गाडी पळवून वेग नोंदवून घ्यायचा होता.

वजन घटवायचं तर क्लेलला वेडच. लोखंड दिसलं की पाड भोक.

"आता फक्त तुझ्या डोक्याला भोक पाडायचं राहिलंय," ऑर्विलची बायको लोरीन क्लेलला म्हणाली.

"तिथे आधीच आहे गं," ऑर्विल म्हणाला. "त्यातूनच तर या कल्पना गळतात."

मग चाकं वळवणाऱ्या दांड्याची पाळी आली. वीतभर लांब, पण सगळी दिशा त्याच्या हातात. क्लेलने त्याला तीन भोकं पाडली आणि वर क्रोमचा मुलामा चढवून आणला. मुलाम्याच्या आम्लातून निघालेलं लोखंड भट्टीत चार तास शेकावं लागतं, नाहीतर ते आतून ठिसूळ होतं. हे क्लेलला ठाऊक होतं. पण शर्यत दुसऱ्याच दिवशी होती.

"दादा, शेकलास ना?" ऑर्विलने विचारलं.

"पोळी आहे का ती? बघ, कसा चमकतोय!"

तळ्याकडे जाताना एका खड्ड्यात मला ते जाणवलं. दांड्याला केसाएवढी चीर. प्रत्येक वळणाला ती किंचित उघडायची, पुन्हा मिटायची. मी खडखडले, थरथरले. ऑर्विल म्हणाला, "आज स्वारी खुशीत आहे."

तळ्यावर गाड्या तपासायला, ठोकून आवाजावरून चीर ओळखायला, एक म्हातारा हातोडी घेऊन बसायचा. तो माझ्याखाली वाकला. माझा जीव भांड्यात पडणार, तोच त्याला दांड्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. त्याने त्या सारख्या केल्या. "आरसा झकास केलाय, पोरांनो," म्हणाला आणि हातोडी न मारताच पुढे गेला.

समोर मैलच्या मैल सपाट, भेगाळलेली माती. लोरीनने ऑर्विलच्या चष्म्यावरची धूळ पुसली. "लवकर ये."

मागून क्लेलच्या ट्रकने मला ढकललं. मी ठरवलं, सुरू व्हायचं नाही. श्वास कोंडला, पेट्रोल घशातच धरलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ढकललं, तरी मी ढिम्म.

"म्हातारडे, आजच रुसायचं होतं?" क्लेल ओरडला आणि चिडून माझ्याखाली शिरला. हात पुसायच्या फडक्याने त्याने दांडा पुसला. फडक्याचा एक धागा अडकला. त्याने ओढला. पुन्हा तिथेच अडकला. क्लेल बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"उतर, ऑर्विल," तो म्हणाला. "आत्ता उतर."

आज मी क्लेलच्या गॅरेजात झाकून उभी असते. रविवारी तो मला प्रदर्शनात नेतो आणि लोकांना हीच गोष्ट सांगतो. लोक हसतात, माझ्या बॉनेटवर थाप मारतात. लोरीन कधीच येत नाही.

कारण, मी रुसले ही क्लेलची थाप आहे. इतकी वर्षं मीही त्याला साथ देतेय. दांडा खरा, चीर खरी, म्हाताऱ्याच्या मिशाही खऱ्या. फक्त मी पहिल्याच धक्क्याला सुरू झाले. भीती होती, पण धावायची हाव तिच्याहून मोठी होती. ताशी एकशे अठरा मैलांवर दांडा तुटला. मी दुरुस्त झाले, ऑर्विल नाही.

नवा दांडा साधा, काळा आहे. मी आता कुठेच धावत नाही. तरी रोज सकाळी क्लेल खाली शिरतो, त्यावरून फडकं फिरवतो आणि धागा अडकतो का ते बघतो. तुमच्या घरी अशी चकचकीत गाडी असेल, तर तुम्हीही एकदा बघा.