जपून ठेवलेली काडतुसं

बायको मर्ना गेली हे ऑर्विल पिंकहॅमला कळलं तेव्हा तो ओढ्यापलीकडे कुंपणासाठी सीडरच्या लाकडाचे खांब सोलत होता. त्याचा मित्र लिओनेल सीर आपली गाडी पार झाडांपर्यंत घेऊन आला, खाली उतरला आणि टोपी काढून नुसता उभा राहिला. लिओनेलचं टक्कल ऑर्विलने आजवर चर्चमध्येच काय ते पाहिलं होतं. त्याने हातातली सोलणी खाली ठेवली.

"घरी चल," लिओनेल म्हणाला. "डेलिया आहे तिथे. सावकाश चल. घाई करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही."

डेलिया ही मर्नाची धाकटी बहीण. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या परत द्यायला आली होती. हाका मारल्या, उत्तर नाही, म्हणून मागच्या खोलीत डोकावली, तर मर्ना काडतुसं भरायच्या टेबलावर डोकं टेकून बसलेली. आधी तिला वाटलं, झोप लागली असेल. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

ऑर्विल खोलीत आला तेव्हा मर्नाला पलंगावर नेऊन ठेवलं होतं. टेबलावरचं सगळं मात्र तसंच होतं. लाकडी ठोकळ्यात पितळी नळकांडी ओळीने उभी होती. पुढच्या ओळींत गोळ्या बसवून झाल्या होत्या. मागच्या ओळींत नुसती बंदुकीची दारू भरलेली होती, तोंडं उघडीच. ऑर्विलने स्वयंपाकघरातून ताटली आणली आणि त्या उघड्या नळकांड्यांवर पालथी घातली, दारूला दमट हवा लागू नये म्हणून. मग तो पलंगापाशी गेला. याचं डोकं फिरलं, असं डेलियाला वाटलं, आणि तसं ती पुढे चार जणांत बोललीही. पण दारू उघडी टाकून मर्ना कधी जेवायलासुद्धा उठली नव्हती.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तर टोकाला घरात काडतुसं भरणं यात नवल नाही. बहुतेक घरांत ते काम पुरुष करतो. पिंकहॅमांकडे मर्ना करायची. तिच्या बापाने तिला शिकवलं होतं आणि बंदूकही त्याचीच, खटका खाली ओढून काडतूस चढवायची, पस्तीस बोअरची, दस्त्याचा रंग उडालेली. ऑर्विलचा हात जड. सुरुवातीला त्याने करून पाहिलं होतं, पण दाब जास्त पडून नळकांड्यांच्या माना चेपायच्या. शेवटी मर्नाने त्याला खुर्चीवरून उठवलं ते कायमचं. ती भरायची, तो झाडायचा. शनिवारी चर्चमध्ये राजम्याच्या जेवणाला सगळे जमले की कोणीतरी म्हणायचंच, "ऑर्विल, बायकोशी जरा जपून रे बाबा. तुझी दारू तीच मोजते."

अस्वलासाठी ती एकच गोळी भरायची. दोनशे ग्रेन वजनाची, जड, बोथट नाकाची. तरुण पोरं लांब टोकाच्या, सुसाट जाणाऱ्या गोळ्या घेऊन दाखवायला यायची. ती सगळं ऐकून घ्यायची, मग म्हणायची, अस्वल म्हणजे हरीण नव्हे. थंडीच्या आधी अस्वलाच्या अंगावर बोटभर चरबी चढलेली असते, वर दाट केस. हलकी, वेगाची गोळी खांद्याच्या हाडावर आपटली की आतच फुटते, पलीकडे निघत नाही. एकच भोक पडतं, त्यावर चरबी सरकते आणि बुच बसल्यासारखं ते बंद होतं. थोडंफार रक्त येतं ते केसच पिऊन टाकतात. अस्वल सीडरच्या दलदलीत शिरतं आणि माणूस कोरड्या शेवाळावर माग शोधत बसतो. जड गोळी संथ जाते, पण आरपार जाते. दुसरं भोक खालच्या अंगाला पडतं आणि तिथून रक्त गळत राहतं.

"मारायला काय, कुठलीही चालेल," ती म्हणायची. "मला ते सापडायला पाहिजे."

मर्नाला पुरलं, लोक आले, लोकांनी आणलेले डबे रिकामे होऊन परत गेले. उन्हाळाभर ऑर्विलने खांब सोलले नाहीत. तो ओसरीवर बसून असायचा. ऑगस्टच्या अखेरीस अस्वलाचा हंगाम उघडायचा होता. लिओनेलने त्याला न विचारताच दलदलीच्या काठी, नेहमीच्या जागी आमिषाचं पिंप बांधलं. बेकरीतले शिळे डोनट, तळणीचं वापरलेलं तेल आणि वर काकवी. मोठा नर येतोय, असं तो सांगत आला. पिंपावरचे ओरखडे माणसाच्या छातीपर्यंत होते म्हणे.

"असाच बसलास ना, तर तुझ्यावर शेवाळ चढेल," लिओनेल म्हणाला.

ऑर्विलला जायचं नव्हतं. मग एकदा डेलिया आली आणि जाता जाता म्हणाली, चर्चच्या बायका विचारत होत्या, यंदा अस्वलाची चरबी मिळेल का. दर वर्षी मर्ना ती कढवून पांढरीशुभ्र करून द्यायची आणि अख्ख्या गावाचे ॲपल पाय, सफरचंद भरून भाजलेले, त्या चरबीत व्हायचे. "नसेल तर राहू दे," डेलिया म्हणाली. त्यावर ऑर्विल जातो म्हणाला.

जायचं ठरल्यावर त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. भरून झालेली काडतुसं मूठभर होती. त्याने एक हातात घेतलं. पितळ पुसून लख्ख केलेलं, गोळी नीट सरळ बसवलेली. तिने शेवटची पूर्ण केलेली वस्तू यांतलीच कुठली तरी असणार. हे झाडलं की संपलं. नळकांडं उरेल, पण ते पुन्हा भरणारं माणूस उरलं नव्हतं. त्याने ती सगळी खणात ठेवली, तिच्या चष्म्याशेजारी, आणि खण लावून घेतला.

मग तो गावातल्या दुकानात गेला. त्या जुन्या बोअरची काडतुसं आता फारशी कोणी ठेवत नाही. दुकानदाराने मागून एक पेटी शोधून आणली. गोळी दीडशे ग्रेनची, टोकदार. ही हरणाला बरी, असं त्याने स्वतःच सांगितलं. लिओनेल तिथे कुत्रीसाठी पट्टा घ्यायला आला होता. त्याने पेटी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"हे हरणाचं आहे."

"वाचता येतं मला."

"मर्नाने असलं काडतूस घरातसुद्धा घेतलं नसतं."

"मर्ना नाहीये," ऑर्विल म्हणाला.

लिओनेलने पेटी खाली ठेवली. बाहेर गाडीपाशी आल्यावर तो जरा नरमाईने म्हणाला, "निदान चार गोळ्या पुठ्ठ्यावर झाडून बघ. बंदुकीचा नेम तिच्या गोळीप्रमाणे लावलेला आहे. ही हलकी आहे, कुठे लागेल याचा भरवसा नाही."

बघतो, असं ऑर्विल म्हणाला. बघितलं नाही. पुठ्ठ्यावर गोळी वर लागली असती तर बंदुकीची मागची माशी, म्हणजे नेमाची खाच, हलवावी लागली असती, आणि ती माशी मर्नाने बसवली होती. त्या खाचेला त्याला हात लावायचा नव्हता. पिंप काही लांब नाही, एवढ्यावरून काय चुकणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

हंगाम उघडल्यावर तो पिंपासमोरच्या मचाणावर चढला. सूर्य सीडरच्या शेंड्यांवर टेकायला आला तेव्हा अस्वल आलं. आधी नुसता काळा डाग, मग कान, मग सगळं अंग. लिओनेल म्हणाला होता तसं खरोखरच मोठं होतं. पिंपाकडे न जाता ते बराच वेळ वारा हुंगत उभं राहिलं. मग पुढचा पाय टाकून ते वळलं आणि त्याची कूस ऑर्विलसमोर आली. ऑर्विलने खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला.

अस्वल पुढच्या अंगावर कोसळलं, ओरडलं आणि उठलं. पुढचा एक पाय नुसता लोंबत होता. तीन पायांवर ते दलदलीत घुसलं आणि फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात राहिला.

मरतं अस्वल शेवटी एकदा कण्हतं. लांबलचक, माणसासारखं. ते ऐकलं की तिकडची माणसं बंदूक उतरवून ठेवतात. ऑर्विल कान देऊन बसला. कण्हणं आलं नाही.

खाली उतरून पाहिलं तर केसांचा झुपका, हाडाची एक कपची आणि थोडे रक्ताचे थेंब. पहिल्या पडलेल्या झाडापलीकडे तेही नव्हते.

सकाळी लिओनेल कुत्री घेऊन आला. आखूड पायांची, राठ केसांची, नाव मादाम. जखमी जनावर शोधण्यात तिचं नाव होतं. लिओनेल तिच्याशी फक्त फ्रेंचमध्ये बोलायचा. इंग्रजी कळत असून ती कळत नाही असं दाखवते, हे त्याचं नेहमीचं म्हणणं. त्या दिवशी तो ते म्हणाला नाही. मी सांगितलं होतं, असंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर ऑर्विलला बरं वाटलं असतं.

मादाम लांब दोरीवर नाक खाली घालून चालत राहिली. गुडघ्याएवढ्या काळ्या चिखलातून, पडझडीखालून. दुपारी तिने एक जागा दाखवली. शेवाळ दबून खड्डा झाला होता आणि त्यात तळहाताएवढं रक्त होतं, वरून सुकलेलं, आतून ओलं. अस्वल तिथे पडून होतं. यांची चाहूल लागली आणि उठून गेलं. पुढे बीव्हर प्राण्यांनी बांध घालून अडवलेलं पाणी लागलं आणि पाण्याच्या काठाशी माग तुटला. दोघे पूर्ण वळसा घालून आले. दुसऱ्या दिवशीही घालून आले. मादामचे पंजे सोलवटले तेव्हा लिओनेलने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"वर लागलीय," तो म्हणाला. "खांद्याच्या हाडावर फुटलीय. आत फुप्फुसापर्यंत गेलेली नाही. ते इतक्यात मरत नाही."

"मग?"

"मग काय. खाऊ शकलं तर हिवाळाभर झोपायला गुहेत जाईल. नाही खाऊ शकलं तर बर्फात कुठेतरी पडेल. तोवर तीन पायांवर हिंडेल."

लिओनेल दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. मागे न बघताच त्याने विचारलं, "मर्ना ती काडतुसं कशासाठी भरत होती, ऑर्विल? जपून ठेवायला?"

घरी येऊन ऑर्विलने दुकानातली पेटी गोदामात टाकली आणि खण उघडला. मर्नाची काडतुसं बंदुकीत भरली, उरलेली खिशात टाकली. त्यानंतर तो रोज जाऊ लागला. आता त्याला चरबी नको होती, कातडं नको होतं. त्याला फक्त ते संपवायचं होतं.

बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत शेतावरच्या एका बाईने लंगडं अस्वल पाहिलं. टाकाऊ बटाट्यांच्या ढिगावर पहाटे येतं, असं तिने सांगितलं. ऑर्विल तिथे गेला. ओल्या मातीत तीन पावलं आणि एक ओढल्याची रेघ होती. ती रेघ तो बघत राहिला. त्या ढिगाशी तो पुष्कळ पहाटा बसला. अस्वल तिकडे पुन्हा फिरकलं नाही.

मग पानं गळून गेल्यावर त्याला ते दिसलं. बीव्हरांच्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर. अंग निम्मं झालेलं, पाठीचा कणा वर आलेला. ते बसलं आणि मान वळवून खांदा चाटू लागलं. ऑर्विलने ओंडक्यावर बंदूक टेकवली आणि खटका खाली ओढला. मर्नाचं काडतूस नळीत गेलं.

अंतर फार होतं. एवढ्या लांब जड गोळी खाली पडते आणि किती पडते ते त्याला माहीत नव्हतं. मर्नाने त्या लांबीसाठी ती भरलीच नव्हती. दुकानातली हलकी गोळी कदाचित पोहोचली असती, हेही त्याच्या मनात आलं. नेम उंच धरून झाडून बघावं, असं बोटाला वाटत होतं. लागली तर पोटात लागेल, पायात लागेल, कुठेही लागेल. एकदा भरवशाशिवाय झाडून झालं होतं. त्याने चापावरचं बोट काढलं आणि वाकून पाण्याच्या कडेने निघाला, जवळ जाता येईल तेवढं जायला. तिकडे पोहोचला तेव्हा गवत दबलेलं होतं आणि वर घाणेरडा वास होता, पू धरलेल्या जखमेचा. अस्वल नव्हतं. त्याने आजूबाजूची झाडं एकेक करून पाहिली.

घरी आल्यावर त्याने हे लिओनेलला सांगितलं. लिओनेल म्हणाला, झाडली नाहीस हे बरं केलंस. ऑर्विल म्हणाला, बरं कसलं, अजून चाटतंय ते. दोघांनी कॉफी घेतली. डेलियाने यंदा दुकानातली चरबी घेतली, असंही बोलण्यात निघालं.

बर्फ पडला आणि हंगाम संपला. बर्फावर तीन पावलांचा माग कुठे उठला नाही. ऑर्विल आता बर्फावर चालायचे जाळीदार जोडे घालून जातो. उन्मळलेल्या मुळांखाली वाकून बघतो, कावळे जमले असतील तिकडे जातो. दोनदा मेलेलं हरीण निघालं. अस्वल मेलं की गुहेत गेलं, हे अजून कळलेलं नाही. दलदलीचा उत्तरेकडचा भाग पाहायचा राहिला आहे.