गाडीचा पंख

"मेल्याली सवत गं, तिला भूक ना तहान,
तरी जेवताना वाढा आधी तिचंच पान!"

हा आवाज चिमाआत्याचा. पूनम लहान होती तेव्हा पहाटे जात्याच्या घरघरीतून यायचा आणि पिठासारखा अंगावर बसायचा. तेव्हा वाटायचं, मेलेल्या बाईचा कसला आलाय हेवा?

आता कळत होतं.

भवानी पेठेतल्या मायाप्पाची ती दुसरेपणाची बायको. पहिली, ऋतुजा, तापाचं निमित्त होऊन गेली. रीतीप्रमाणे पूनमच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक होता. सणासुदीला आधी त्याला नैवेद्य, मग हिचा घास. त्याचं तिला काही नव्हतं. टाक बिचारा गप्प असतो, छातीच्या उबेनं उबदार होतो.

पण गाडी?

पांढऱ्या गाडीच्या डिकीवर ऋतुजानं हौसेनं लाल स्पॉयलर बसवून घेतला होता. गल्ली त्याला पंख म्हणायची. शेजारची गंगम्मा अजूनही ओरडायची, "आली बघ ऋतुजाची गाडी!" पूनम गाडी धुताना सगळीकडे मायेनं हात फिरवी. पंखावर मात्र फडकं आपटी.

आणि मायाप्पा तिला कधी नावानं हाक मारत नसे. "ऐकलंस का", "अगं ए", एवढंच. लग्न देवळात घाईनं उरकलेलं, नाव घ्या म्हणून अडवायलाही कुणी नव्हतं. गाडीलासुद्धा तिचं नाव, आणि मला माझंही नाही!

शेवटी ती म्हणाली, "तो पंख काढा. न्हाईतर मी गाडीत बसणार न्हाई."

रविवारी तो तिला बरोबर घेऊनच चन्नवीरच्या गॅरेजला गेला.

चन्नवीरनं डिकीच्या आतून नट सोडवले. पंखाखालची चिकटपट्टी गरम हवेनं मऊ केली, मग मासे धरायची दोरी करवतीसारखी मागंपुढं ओढत ती कापत नेली. पंख सुटला. खाली कोरा पांढरा रंग होता, बांगड्या उतरवल्यावर मनगट दिसतं तसा. आणि त्यात भोकं.

"वैनी, शेपूट छाटलं की गाडीचं!" चन्नवीर हसला. "अण्णा, भोकांना रबरी बुचं लावू? उद्या परत बसवावा वाटला तर सोय. न्हाईतर कायमचं बुजवतो."

मायाप्पा हातातल्या पंखाकडे बघत राहिला. "बुचं लाव."

पूनमच्या अंगाचा जाळ झाला. "व्हय की! ठेवा दार उघडं! येईल ती परत!"

चन्नवीरनं मान खाली घातली आणि भोकात बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. "बूच धरायचं न्हाई अण्णा. गंजानं कडा खाल्ल्यात. लई दिसांपासनं पाणी मुरतंय आत."

"मला कसं दिसलं न्हाई?"

"मला दिसत होतं," पूनम म्हणाली. "डिकीतला गालिचा मीच पिळत होते की."

मायाप्पानं तिच्याकडे पाहिलं. मग पंख भिंतीला टेकवून ठेवला. "बुजव. कायमचं."

गंज खरवडला गेला. भोकांवर पत्र्याच्या टिकल्या जोडल्या, पुट्टी भरली, घासली, रंग चढला. पुढच्या रविवारी पाण्याची परीक्षा. मागची सीट पाडून मायाप्पा टॉर्च घेऊन डिकीत आडवा झाला. चन्नवीरनं झाकण लावलं आणि पाइप पूनमच्या हातात दिला. "मारा वैनी, जोरात."

तिनं मारलं. सगळा राग त्या धारेत घातला. जिथं भोकं होती तिथंच धरून राहिली, जणू खालून कुणीतरी धुऊन जाणार होतं. तुषार उडून तीच भिजली. गळ्यातला टाक गारठला. तिनं थांबून त्याच्याकडे पाहिलं, आणि नकळत पदरानं तो कोरडा केला.

"पूनम!"

पाइप हातातून गळाला.

"पूनम, बास कर. थेंब न्हाई आला."

ती झाकणाजवळ वाकली. "काय म्हणालात?"

पत्र्याआडून आवाज आला, "भ्यायचो गं मी. हाक मारायची तुला, आन तोंडातनं तिचं नाव निघालं तर? तुला काय वाटंल? म्हणून कुणाचंच घेत नव्हतो."