मिठाची हाक

गुन्वोर मावशीची हाक टूवाच्या गळ्यात उतरली ती मावशीच्या कडेवर असतानाच. काचेसारखी उंच हाक. ती ऐकली की रानातल्या गाई खाली यायच्या आणि मावशी त्यांना मुठीतलं मीठ चाटवायची. "हाक मारलीस तर मीठ द्यायचंच, पोरी," ती म्हणायची. "फसवलेली गाय समोरून हलत नाही."

पुढे ऑस्टरसुंड शहरातल्या एका गॅरेजमध्ये सिक्स्टन नावाच्या संगीतकाराने टूवाकडून ती हाक गाऊन घेतली, यंत्रात भरली, खाली ठेका घातला, आणि दोघांची जोडी 'वीटमोसा' या नावाने गाजली. बर्लिन झालं, टोकियो झालं, तीन अल्बम निघाले. चौथ्याआधी त्याने टूवाला वाटेला लावलं. वर मुलाखतींतून सांगत सुटला, "तो गळा कुणाचाच नाही. माझ्या यंत्राने घडवलेला आवाज आहे."

टूवा डोंगरावरच्या गोठ्यात परतली. मावशी गेली होती, गाई होत्या. रोज संध्याकाळी हाक, रोज मीठ. राग मात्र तिने विरजणासारखा झाकून ठेवला.

उन्हाळ्यात गावाच्या उत्सवाला कुणाला बोलवायचं, अशी चर्चा निघाली. टूवा म्हणाली, "सिक्स्टनला बोलवा. मंच आमच्या कुरणात बांधा. कार्यक्रम धारा काढायच्या वेळेला ठेवा."

तो आला, दालचिनीचा पाव खात, हसत. "अजून रुसलीच आहेस का गं?"

"एकच मागणं आहे. हाक वाजवण्याआधी मावशीचं नाव घे."

"टूवा, लोक नाचायला येतात, मयताला नाही."

"बरं. वाजव मग."

तिने रानाकडचं वरचं फाटक उघडं टाकलं.

सूर्य अजून बर्चच्या झाडांच्या शेंड्यांवर होता. गर्दी डोलत होती. सिक्स्टनने बटण दाबलं आणि टूवाचाच गळा कुरणभर पसरला. रानात घंटा किणकिणल्या. पुढे म्होरकी गाय मायरोस, मागे सगळा कळप. लोक बाजूला झाले, टाळ्या पिटू लागले. मायरोस फळीवरून थेट मंचावर चढली आणि सिक्स्टनची मूठ चाटू लागली. मूठ रिकामी. तिने यंत्र चाटलं. मग तारांवर शेण टाकून तिथेच उभी राहिली.

"हाकल ना यांना!" तो किंचाळला.

"मी कशी हाकलू? मी कुठे बोलावलंय? तुझ्या यंत्राला सांग."

लोक खो-खो हसले. दुसरी गाय चढली. फळ्या करकरल्या.

"टूवा, पाया पडतो!"

"पाया नको. नाव घे. माइकवर."

"...हाक गुन्वोरची आहे. गळा टूवाचा."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

तो तेच ओरडून बोलला. आवाज डोंगरावर आपटून परत आला.

तेव्हा कुठे टूवाने एप्रनच्या खिशातलं मीठ मुठीत घेतलं आणि हाक दिली, यंत्राविना, ठेक्याविना. गाई वळल्या. त्यांच्यामागे सगळी गर्दीही गोठ्याकडे चालू लागली.

मंचावर सिक्स्टन राहिला, आणि शेणात लुकलुकणारे यंत्राचे दिवे. टूवाने एकदाही मागे पाहिलं नाही. मीठ वाटायचं होतं.