दाराजवळच्या फळ्या

रंगाऱ्यानं डेकवर पिशवी ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, साहेब आहेत का?

मी दारात उभी होते. कडेवर ठमी, म्हणजे आमची लेक, नुकती रांगायला लागलेली. साहेब म्हणजे माझा नवरा, तो कामावर गेला होता. तसं सांगितल्यावर रंगारी म्हणाला, हरकत नाही, त्यांच्याशी मी फोनवर बोलतो. जणू मी दाराची कडी होते.

ह्या माणसाला शोधलं मी होतं. चार ठिकाणी विचारून, ठमीला पायांवर घेऊन झोपवता झोपवता. मागच्या दाराबाहेरचा आमचा लाकडी डेक उन्हापावसानं राखाडी पडला होता आणि त्याची सालपटं निघायला लागली होती. ठमीच्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं, ते सुईनं काढताना ती जेवढी रडली त्याहून मी जास्त रडले. घरात तिला मोकळं सोडावं अशी तेवढीच एक जागा. ती तिथं रांगते आणि तेवढा वेळ माझे दोन्ही हात माझे असतात. म्हणून डेक नीट घासून, वर रंगाचे दोन हात द्यायचे ठरवलं. रंगारी पाहायला आला तेव्हा मी ठमीला झोपवत होते, त्यामुळे डेक नवऱ्यानं दाखवला. पुढची सगळी बोलणी त्या दोघांची. कामाचा दिवसही त्यांनीच ठरवला आणि नवरा मला सांगायला विसरला.

त्यामुळे त्या सकाळी मी नेहमीसारखी ठमीला डेकवर आंघोळ घातली होती. आमची न्हाणी अंधारी आणि गार आहे, डेकवर कोवळं ऊन येतं. दाराजवळ टब ठेवते, आंघोळ झाली की तिथंच उपडा करते. बरंचसं पाणी फटींतून खाली जातं, पण दाराजवळच्या फळ्या पोटभर पितात. थोड्या वेळानं वरून कोरड्या दिसतात. हात लावला तरी कोरड्याच लागतात. पण गुडघे टेकून बसलं, की गाऊनमधून गारवा वर येतो. मी तिथं रोज गुडघे टेकते.

रंगाऱ्याला मी हे सांगितलं. म्हटलं, बाकीचं करा, ह्या दाराजवळच्या फळ्या आज सोडा, आत पाणी आहे. त्यानं वाकून फळीवर दोन टिचक्या मारल्या, फळी ठणठणीत आहे म्हणाला, आणि माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. बहुधा मलाही ऐकू यावं म्हणून. वहिनी म्हणतात दाराजवळच्या फळ्यांत पाणी आहे, त्यानं सांगितलं.

"अहो, तिला जरा काळजी करायची सवय आहे," नवरा हसत म्हणाला. "तुम्ही करा सुरू."

रंगाऱ्यानं ब्रश बुडवला. मी आत आले. तेवढ्यात ठमी खांद्यावर झोपली होती, त्यामुळे दार आपटायचीही सोय नव्हती. मी ते अगदी हळू लावलं आणि त्यानं माझा संताप दुप्पट झाला.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माझं तरी कधी कुणी ऐकलं?" त्या म्हणाल्या. "होते सवय."

"मला नाही करायची सवय," मी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

संध्याकाळी डेक मधासारखा चमकत होता. नवऱ्यानं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाला, बघ, उगाच घाबरत होतीस. रंगाऱ्यानं सांगितलं तितके दिवस आम्ही तिकडे पाऊल टाकलं नाही. मग एका सकाळी मी ठमीला दाराबाहेर ठेवलं. तिला इतका आनंद झाला, की ती दोन्ही पंजे आपटत निघाली.

दाराजवळ रंगाला फोड आले होते. तिच्या हाताखाली ते फुटले. पातळ तपकिरी साल तिच्या पंजाला चिकटून आली आणि मी पोचायच्या आत पंजा तोंडात गेला. मी बोट घालून साल बाहेर काढली. ती मला चावली, मग किंचाळून रडली, मग रडता रडता तिनं माझ्याच गळ्याला मिठी मारली. गुडघे तपकिरी झालेले. तेल लावून लावून मी ते पुसत होते. एवढेसे गुडघे, त्यांना नीट आकारसुद्धा आलेला नाही अजून, आणि त्यांच्यावर त्या माणसाचा रंग.

रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, लेकरानं खरवडलं असेल वहिनी, साहेबांना द्या ना जरा.

साहेब संध्याकाळी आले. बूटही काढले नव्हते तेवढ्यात म्हणाले, बोलतो मी त्याच्याशी.

"तू बोललास म्हणून तर हे झालं," मी म्हणाले. "इथं गुडघा टेक."

"अगं, ही पँट..."

"टेक."

रंग सुटून उघड्या पडलेल्या फळीवर त्यानं गुडघा टेकला. गारवा चढायला वेळ लागतो, मी थांबले. त्याचा चेहरा बदललेला दिसला. मग तो म्हणाला, तू हे मला आधी सांगायला हवं होतंस.

"सांगितलं होतं. तू फोनवर हसत होतास."

तो तसाच गुडघ्यावर राहिला. माफी मागितली नाही, पण उठलाही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी रंगाऱ्याला बोलावलं. आल्या आल्या तेच, साहेब आहेत ना? आहेत, मी म्हटलं, पण कामाचं माझ्याशी बोलायचं. दाराजवळच्या सगळ्या फळ्या लाकूड दिसेपर्यंत खरवडायच्या आणि रंग मी सांगेन तेव्हाच लावायचा. तो लहान मुलाकडे पाहून हसावं तसा हसला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

घंटी आमच्या स्वयंपाकघरात वाजली. खिडकी उघडी होती. आत नवरा ठमीला केळं भरवत होता आणि फोन त्याच्या कोपराशी वाजत होता. त्यानं फोनकडे पाहिलं. मग खिडकीतून आमच्याकडे. मग चमचा पुन्हा वाटीत घातला. घंटी वाजून वाजून आपोआप थांबली.

रंगाऱ्यानं फोन खिशात टाकला आणि खरवडायची पत्री उचलली.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. म्हणजे नवरा गप्प बसला तेव्हा कुठं माझ्या शब्दाला वजन आलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लेकीच्या तोंडात रंग जावा लागला. हे त्याला रात्री सांगितलं मी, पण ते नंतरचं.

सासूबाई खुर्ची घेऊन बाहेर आल्या आणि फळ्यांना लागून बसल्या. आजी, आत सावलीत बसा, धूळ उडेल, रंगारी म्हणाला. "उडू दे," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात राहिलंय बघ." तो कोपरा त्यानं पुन्हा खरवडला. नंतर आणखी एक त्यांनीच दाखवला.

फळ्या उघड्या झाल्या. त्यानं घाम पुसला आणि रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. मी गुडघे टेकले, थांबले. गार.

"आज नाही," मी म्हणाले.

त्यानं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग झाकण परत बसवलं, त्यावर टाच दाबली. "मग कधी येऊ?" हे त्यानं मला विचारलं.

मी फोन करीन म्हणाले. तेव्हा कळलं, की त्याच्या फोनमध्ये मी म्हणजे नुसते आकडे होते. पहिला फोन मीच केला होता, पण नाव फक्त साहेबांचं लिहिलेलं. आता लिहून घ्या, मी म्हटलं.

काय लिहू, साहेबांच्या घरच्या वहिनी? तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

मी माझं नाव सांगितलं. तो ते लिहून होईपर्यंत तिथंच उभी राहिले.